चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ

बाबा, आईला नीट ऐकू येईनासं झालं त्याला आता बरेच दिवस झाले. जुन्या हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न तिला येतो, ढग गडगडलेला येतो, पण समोर बसलेल्या माणसाचं बोलणं येत नाही. ती आपल्या ओठांकडे बघत राहते आणि चुकीच्या जागी हसते. चौकचं घर तिनं सोडलेलं नाही. पुढं तुमच्या दुकानाची खोली, मागं स्वयंपाकघर, परसात शेवगा, सगळं तसंच आहे. धाकटा नेरळला नव्या वसाहतीत राहतो, चौथ्या मजल्यावर. त्याचं म्हणणं असं, की ऐकू न येणाऱ्या बाईनं रस्त्याकडेच्या घरात एकटं राहू नये. त्याचं चुकत नाही. गेल्या पावसाळ्यात कुकरची शिटी तिला ऐकू आली नाही, डाळ जळून धूर रस्त्यापर्यंत गेला आणि शेजारच्या गॅरेजमधली माणसं धावत आली. मग आम्ही तिला कानाचं मशीन घेतलं. घेतलं त्या दिवशी धाकट्यानं मला सांगितलं, "ताई, याच्यावर चाललं तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर मी तिला नेणार." आई तिथंच बसली होती. मशीन अजून खोक्यात होतं, त्यामुळे तिला काही कळलं नाही. तुम्हाला लिहायचं कारण एवढंच, की हे मशीन बॅटरीवर चालतं.

ती बॅटरी तुम्ही ओळखली नसतीत. ट्रकची बॅटरी फळीवर ठेवायला तुम्हाला दुसऱ्या माणसाचा हात लागायचा. ही वाटाण्याएवढी आहे, आणि मशीनच्या पोटात कायमची बसवलेली. उघडता येत नाही. पाणी घालायचं नाही, ॲसिड नाही, बूच नाही. संध्याकाळी दोन्ही कानांची मशीनं एका डबीत ठेवायची, डबीला वायर जोडायची आणि सकाळी कानांवर चढवायची. पहिल्या दिवशी आईनं ती तळहातावर घेऊन उलटीपालटी केली. "हिचं प्लस-मायनस कुठं हाय गं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, बघावं लागत नाही. तिला ते ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी पटलं नसतं.

मला ती खोली आठवते तेव्हा ती नेहमी दुपारची असते. दार सताड उघडं. भिंतीलगत लाकडी फळीवर बॅटऱ्यांची रांग. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, मधेच एखादी मोटारसायकलची, मोठ्यांच्या पंगतीत लहान मूल बसावं तशी. तारा एकीकडून दुसरीकडे गेलेल्या. तुम्ही काचेची नळी एकेका भोकात बुडवता, रबरी फुगा दाबून सोडता, आतला काटा तरंगत वर येतो आणि तुम्ही तो डोळ्यांच्या रेषेत धरून बघता. त्याला तुम्ही ग्रॅव्हिटी बघणं म्हणायचात. मी उंबऱ्यावर बसून ऐकते आहे. भरत आलेल्या बॅटरीतून बारीक बुडबुडे फुटत असतात, भाताला कढ येण्याआधी येतो तसा आवाज. एकातून, मग दुसरीतून, मग रांगभर. बाहेरून गाड्या जातात आणि तो आवाज बुडतो, गाडी गेली की पुन्हा वर येतो. मला वाटायचं, ही माणसं आहेत आणि झोपली आहेत. तुमच्या सदऱ्याला ॲसिडनं पडलेली भोकं असायची, आणि आई म्हणायची, "ह्यांना नवा सदरा म्हंजे चाळणीला कापड." तुम्ही हसायचात, पण नळी हलू द्यायचा नाहीत.

वाडीवरची माणसं शनिवारी यायची. दोघं जण, मधे बांबू, बांबूला दोरीनं बांधलेली बॅटरी. रविवारी टीव्ही बघायचा म्हणून ती डोंगरावरून उतरवलेली असायची, आणि संध्याकाळी भरून पुन्हा वर न्यायची असायची. वाडीवर तेव्हा खांब नव्हते. तुम्ही मला एकदा सांगितलं होतं की डोंगरावरचं पाणी नळातून खाली भिवपुरीला येतं, तिथं त्याची वीज होते, ती तारेतून लांब जाते. "त्यातली चमचाभर आपल्याकडं येती," तुम्ही म्हणालात, "आन् ही माणसं ती खांद्यावरनं परत डोंगरावर नेतात." हे तुम्ही गंमत म्हणून सांगितलं की हिशेब म्हणून, मला आजही कळत नाही. मी वर्गात पोरांना कविता शिकवते तेव्हा प्रतिमा म्हणजे काय हे सांगायला मला यापेक्षा सोपं काही सापडत नाही, पण मी ते कधी सांगत नाही.

एकदाच तुम्ही मला रागावलात. पाहुणे यायचे होते आणि खोलीत ॲसिडचा वास होता, म्हणून मी चार्जिंगला लावलेल्या सगळ्या बॅटऱ्यांची बुचं घट्ट लावून टाकली. मला शाबासकी हवी होती. तुम्ही आलात, बघितलंत, आधी मेन स्विच बंद केलात, मग दार-खिडकी उघडीच आहे ना ते पाहिलंत आणि मग एकेक बूच काढत सुटलात. हात उगारला नाहीत. माझं मनगट धरून मला रांगेसमोर उभं केलंत. "भरताना तिच्यात गॅस व्हतो. त्याला जायला वाट नाय ठेवली तर ती फुटती. माणसाचं तोंड जातं. भरत असलेल्या बॅटरीला झाकायचं नाय आन् एकटं सोडायचं नाय. ध्यानात ठेव." तुमचा आवाज मोठा नव्हता. आई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तुम्ही बोलत होतात माझ्याशी. ध्यानात ठेवलं तिनं.

त्याच वर्षी की पुढच्या, वीज सारखी जायची तेव्हा, तुम्ही मला दिवा करून दिलात. कुणीतरी टाकून दिलेली सहा व्होल्टची मोटारसायकलची बॅटरी, तिच्यावर गाडीचा छोटा बल्ब, आणि पत्र्याची टोपी, उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून. "वाच," एवढंच म्हणालात. उजेड पिवळा होता, पुस्तकाच्या एका पानाएवढा. पान उलटलं की बोटांची सावली भिंतीवर जायची. मी काय वाचत होते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. बल्ब मंद व्हायला लागला की तो बंद करायचा, बॅटरी पार उतरू द्यायची नाही, हे मात्र दोनदा सांगितलंत.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात मोबाईल नव्हता. आता माझ्या पिशवीतच चार बॅटऱ्या असतात: फोन, कानात घालायची बोंडं, घड्याळ, आणि या तिघांना वाटेत पाजायला एक चौथी. कॉलेज संपलं की मी भाषांतरं करते. अशा वस्तूंबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका, इंग्रजीतून मराठीत. साहित्याचा उपयोग म्हणाल तर हा. त्या कामात मला तुमच्या फळीवरचीच माणसं भेटतात, म्हणजे बॅटऱ्या. चार्जर आता बॅटरीला आधी विचारतो, तुला किती सोसेल, आणि तेवढंच देतो. सुरुवातीला भराभर, भरत आलं की हळूहळू, भरलं की हात आखडता. तुम्ही नळी धरून जे बघायचात ते आता नखाएवढा तुकडा आतूनच बघतो. काही फोन आपण कधी उठतो ते लक्षात ठेवतात. थोडं कमी भरून थांबतात, आणि आपल्याला जाग यायच्या सुमारास उरलेलं भरून घेतात. तुमच्या बॅटरीला रिकामं राहणं सोसायचं नाही. आताच्या बॅटरीला काठोकाठ भरून राहणंही सोसत नाही. एक बशीसारखी चकती येते, तिच्यावर फोन नुसता ठेवायचा, तार नाही, आणि तो भरतो. मिठातल्या सोडियमवर चालणाऱ्या आल्या आहेत म्हणतात, आणि आत पातळ काहीच नसलेल्या, घट्ट, येऊ घातल्या आहेत. असली वाक्यं मराठीत लिहिताना मला मधेच थांबावंसं वाटतं, आणि मी खिडकीबाहेर बघते. बाहेर कर्जतचं नवं बांधकाम असतं. त्याच्या मागं डोंगराची रेघ, आणि मला वाटतं, की त्या रेघेपलीकडे तुम्ही फळीसमोर उभे आहात आणि तुम्हाला एकेक वाक्य ऐकू जातंय. तुम्ही मान हलवत नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारता, "तापती का?" हो बाबा, तापते. अजून तेवढा एक त्रास तुमच्या वेळचाच आहे.

मशीननं पहिले तीन-चार दिवस आईला सगळं ऐकवलं. पाल चुकचुकलेली ऐकून ती दचकली. मग ते दुपारीच बंद पडायला लागलं. सकाळी ती बोलायची, जेवणापर्यंत बोलायची, आणि नंतर तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत जायचं. मी दोनदा फोन केला तर तो नुसता वाजत राहिला. धाकट्यानं मशीन घेतलं त्या दुकानात, पनवेलला, नेऊन दाखवलं. त्यांनी एक दिवस ठेवून घेतलं, भरलं, चालवलं आणि परत दिलं. मशीन उत्तम आहे, वापरण्यात काहीतरी चूक असेल. "बघ," धाकटा म्हणाला, "तिला जमत नाही. आपण किती दिवस असं ढकलायचं?" मी म्हणाले, दिवाळीपर्यंत थांब. तो म्हणाला, "थांबतोच आहे. पण एकदा ती रस्ता ओलांडताना काही झालं तर तू काय सांगशील, मी काय सांगू?"

मी शनिवारी चौकला गेले तेव्हा ओट्यावर वाडीवरची काकडीवाली बसली होती. तिचा सासरा बांबू घेऊन यायचा, तुम्हाला आठवत असेल. वाडीवर आता खांब आहेत, पण वीज गेली की आठवडा आठवडा येत नाही, म्हणून ती बाजाराला उतरते तेव्हा वाडीतले तीन-चार फोन घेऊन येते आणि आईकडं भरायला लावते. फोन तुमच्या फळीवरच लावतात. वाडीत आईला अजून बॅटरीवाली म्हणतात. काकडीवाली आईला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, नवऱ्याची नक्कल करून, आणि आई बरोबर चुकीच्या जागी हसत होती. शेवटी ती माझ्याकडं वळली.

"बघ गं बाय, गावाचे फोन भरून देती न् सोताच उतरून बसली."

"मशीन बंद पडतंय," मी म्हणाले.

"नेरळला नेताय म्हणं तिला. माडीवर?"

"भाऊ म्हणतोय."

"मंग आमचे फोन?" तिनं विचारलं, आणि लगेच हात झटकला. "फोनचं काय, कुठंबी भरतील, हॉटेलात भरतील. आमी बसायचं कुठं?"

आईनं आमच्या दोघींकडं बघितलं. काय चाललंय ते तिला कळलं असावं, कारण तिनं एक काकडी उचलली, कडू आहे का ते बघायला टोक कापलं, आणि ते कापता कापता कुणाकडंच न बघता म्हणाली, "मी कुठं जात नाय."

त्या दिवशी मी राहिले. दिवेलागण झाली. आईनं देवापाशी दिवा लावला, हात पुसले, दोन्ही कानांवरची मशीनं काढली आणि ती दुकानाच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. तिनं आधी खिडकी उघडली. मग दार सताड केलं. डबी फळीवर ठेवली, मशीनं आपापल्या खोबणीत ठेवली, वायर जोडली. आणि झाकण उघडंच ठेवलं. ते आपोआप पडू नये म्हणून त्याच्या मागं काड्यापेटी टेकवली. मग स्टूल ओढून ती समोर बसली, हात मांडीवर, जशी ती रोज संध्याकाळी बसत असणार.

त्या डबीच्या झाकणाला आतून मऊ गादी आहे. झाकण मिटलं की ती मशीनांना खाली दाबते आणि ती पिनांवर घट्ट टेकतात. झाकण उघडं असलं की टेकली तर टेकली. मी पुस्तिका वाचली होती. झाकण बंद करा, असं तिसऱ्या ओळीत होतं. मी आईला वायर कुठं लावायची ते दाखवलं होतं. झाकण बंद करायला सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डबीला झाकण असतं, ते माणूस लावतोच. आपल्या घराशिवाय कुठल्याही घरात लावतो.

मी पुढं झाले आणि काड्यापेटी काढून झाकण मिटलं. आईनं माझ्या हातावर चापट मारली.

"गॅस व्हतो त्यात! तुझे बाबा काय सांगून गेले? इसरलीस?"

मी म्हणाले, यात गॅस होत नाही. तिला ऐकू आलं नाही. तिचे कान डबीत होते. मी ओरडून म्हणाले. गॅरेजमधल्या एकानं बाहेर येऊन बघितलं. मी हातानं बुडबुडे दाखवले आणि मान हलवली, नाही, नाही. आईला वाटलं मी बुडबुडे होतात म्हणते आहे, आणि ती समाधानानं म्हणाली, "मंग?" मला हसू आलं. ती पण हसली, या वेळी योग्य जागी. तिनं झाकण पुन्हा उघडलं, काड्यापेटी टेकवली, आणि मी दुसरं स्टूल आणून तिच्याशेजारी बसले.

रस्त्यावर गाड्यांचे दिवे जात होते आणि उघड्या दारातून उजेडाचा पट्टा फळीवरून सरकत होता, रिकाम्या फळीवरून, जिथं आता फक्त एक डबी होती आणि काकडीवालीचा विसरलेला एक फोन. आवाज काहीच नव्हता. म्हणजे रस्त्याचा होता, पण बॅटरीचा नव्हता. आताच्या बॅटऱ्या भरताना काही बोलत नाहीत. आई तरी ऐकत असल्यासारखी बसली होती. थोड्या वेळानं ती पुटपुटायला लागली. आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नव्हतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "आजून नाय झाली," ती म्हणाली. मग, "व्हईल." मग, "तुमी जेवून घ्या, मी बसते." घरात आम्ही दोघीच होतो, आणि मला ती तुमी म्हणत नाही. झोपायच्या आधी तिनं वायर काढली, कारण घर झोपल्यावर काही चार्जिंगला ठेवायचं नाही.

सकाळी मशीन कानावर चढवल्या चढवल्या मी तिला सांगितलं. ती चहा गाळत होती. यात ॲसिड नाही, पाणी नाही, गॅस बाहेर येत नाही, सगळं आत बंद आहे. भरलं की ते आपलं आपण थांबतं. झाकण लावलं नाही तर ते भरतच नाही.

"बंद असून फुटत नाय?"

"नाही फुटत. तसं केलेलंच आहे ते."

"आन् बिघडली तर उघडायची कुठनं?"

"उघडायची नाही आई. कंपनीकडं द्यायची. ते बदलून देतात."

तिनं गाळणं उलटं केलं, चोथा झाडाला टाकायला बाजूला ठेवला. "म्हंजे ह्यांना काय कामच नाय राह्यलं," ती म्हणाली. तिनं कप माझ्याकडं सरकवला. "लावते झाकण. पण खिडकी उघडी ठेवीन. आन् बसायचं ते बसंन."

"बस," मी म्हणाले.

पुढचा आठवडाभर मी रोज दिवेलागणीच्या जरा आधी फोन केला, जेव्हा मशीन एरवी कधीच बंद पडलेलं असायचं. तिनं रोज उचलला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "रोज रोज काय फोन करतीस, काम नाय का तुला?" धाकट्याला मी काही सांगितलं नाही. म्हटलं, त्याचं त्यालाच कळू दे. रविवारी तो आला. आई स्वयंपाकघरात वड्यांचं तळण काढत होती, तेलाचा आवाज होता, आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत फळीला टेकून उभे होतो. तो हळू बोलत होता, सवयीनं, आईपासून लपवायचं म्हणून नव्हे तर तिला कळत नाही हे धरून.

"ताई, मी ठरवलंय. दिवाळीची वाट नको. पुढच्या रविवारी टेंपो आणतो. तिचं सामान असून असून किती असणार?"

तेलाचा आवाज कमी झाला. गॅस बारीक केला असावा.

"मला इचारलंस का रं?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

धाकटा माझ्याकडं बघत राहिला.

"आन् सामान किती ते मोजायचं तर आधी ही फळी उचलून बघ. तुझ्या बापाला दोन माणसं लागायची." मग झारा कढईच्या काठावर आपटल्याचा आवाज. "वडे गरम हायेत तवर या खायला. टेंपोवाल्याला पण बोलव."

तो खाली बसला, उंबऱ्यावरच, आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. "किती वाजेपर्यंत चालतं आता?" त्यानं मला विचारलं. "दिवेलागणीला ती डबीत ठेवते तोपर्यंत," मी म्हणाले. मी झाकणाचं सांगितलं. त्यानं तोंडावर हात ठेवला. टेंपोचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना तो आईला म्हणाला, कुकर लावलास की फोन करत जा मला. ती म्हणाली, "तू लावलास की तू कर."

मी पण हसले, बाबा, त्याच्याइतकीच. पण एक गोष्ट मी दोघांनाही सांगितलेली नाही. मशीन बंद पडत होतं त्या महिन्यात मी कर्जतच्या माझ्या घरातली मागची खोली रिकामी केली होती. पुस्तकांची कपाटं बाहेरच्या खोलीत आणली, खाट आडवी लावली, आणि खिडकीशी एक फळी ठोकून घेतली, तिला काहीतरी लावून समोर बसता यावं म्हणून. नेरळला चौथ्या मजल्यावर कशाला, माझ्याकडं येऊ दे, असं मी धाकट्याला सांगणार होते. वाक्यंसुद्धा तयार होती. त्या रविवारी आई स्वयंपाकघरातून बोलली तेव्हा मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी ती वाक्यं कामाची राहिली नाहीत. मी घरी आले आणि त्या खाटेवर बराच वेळ बसून राहिले.

हे सगळं लिहून चौकला न्यायचं आणि तिला वाचून दाखवायचं, असं माझ्या मनात होतं. तुम्हाला लिहिलेलं तिला ऐकवलं की ते तुमच्यापर्यंत पोहोचलंच, असं मी धरून चालते. पण मी वाचलं तर तिला शब्दन् शब्द ऐकू येईल. मग ती त्या खोलीसाठी माझ्याकडं राहायला येईल, मला वाईट वाटू नये म्हणून, आणि फळीसमोर बसून काही नाही असं दाखवेल. म्हणून नेत नाही. ती चौकलाच बरी आहे. मला ती इथं हवी होती, एवढंच.